लघवीचं इन्फेक्शन झालं की एमसीयू हवीच?

बाळाला ताप आला, लघवीत जंतू सापडले, की कुणीतरी सांगतंच, "आता नळी घालून फोटो काढावा लागणार." समज उगाच आलेला नाही, पूर्वी सर्रास एमसीयू व्हायची. मूत्राशयात नळीने औषध भरायचं आणि बाळ शू करताना एक्स-रे घ्यायचे, लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का ते पाहायला. रडारड ठरलेली! पण सौम्य उलटा प्रवाह बहुधा वाढत्या वयात आपोआप थांबतो. म्हणूनच २०११ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठी सांगितलं: तापासह पहिलाच संसर्ग असेल तर सोनोग्राफी करा, सरसकट एमसीयू नको. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, क्ष-किरण नव्हेत. तिच्यात मूत्रपिंड फुगलेलं दिसलं किंवा तापासह संसर्ग पुन्हा झाला, तर मात्र डॉक्टर एमसीयू सांगतील. तेव्हा टाळू नका.