आरएनएला रस्ता कसा कळतो?

वनस्पतींच्या रोगांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: विषाणू एकदा झाडात शिरला की रसाबरोबर वाहत सगळीकडे पोचतो. हे अर्धं खरं आहे. रसवाहिनीत शिरलेला विषाणू खरंच अन्नरसाबरोबर वाहतो. पण तिथे पोचण्याआधी त्याला पानातल्या पेशींचे कितीतरी थर ओलांडावे लागतात आणि दुसऱ्या पानात उतरल्यावर पुन्हा तसेच थर पार करावे लागतात. या प्रवासात प्रत्येक हद्दीवर अडवणूक होते. ती कशी होते आणि विषाणू त्यातून कसा सुटतो, हे मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रश्नांपैकी एक वाटतं.

आपल्या शरीरातला विषाणू पेशीच्या पटलाला चिकटतो आणि आत शिरतो. वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर सेल्युलोजची जाड भिंत असते, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. मावा किंवा पांढरी माशी सोंडेने भोक पाडते, किंवा पान कुठेतरी खरचटतं, तेव्हा विषाणूला पहिली पेशी मिळते. दुसरी पेशी मिळवायला एकच वाट उरते, ती म्हणजे शेजारच्या दोन पेशींच्या भिंतींतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म नलिका. एदुआर्द टांगल यांनी त्या 1879 साली प्रथम पाहिल्या. आज त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात.

नलिकेचा व्यास साधारण 50 नॅनोमीटर असतो, पण तो सगळा मोकळा नसतो. मधून पटलाची एक बारीक नळी गेलेली असते आणि तिच्याभोवती उरलेल्या चिंचोळ्या जागेतूनच ये-जा चालते. साखर आणि क्षार सहज जातात. एरवी साधारण 1000 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू अडतो. आता तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं माप बघा. 300 नॅनोमीटर लांब आणि 18 नॅनोमीटर जाड दांडी, तिच्यात सुमारे 6400 अक्षरांचा, म्हणजे साखळीतल्या तितक्या रासायनिक घटकांचा, आरएनए आणि त्याभोवती 2130 प्रथिनांचं कवच. हा ऐवज त्या फटीतून जाणार कसा?

पहिला धागा एका अधू विषाणूने दिला. जपानी संशोधकांकडे या विषाणूचा एक उत्परिवर्तित प्रकार होता. 32 अंश तापमानाला तो सुट्या केलेल्या पेशींत व्यवस्थित वाढायचा, पण अखंड पानात शेजारच्या पेशीत जायचा नाही. म्हणजे वाढणं आणि पुढे सरकणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसऱ्या कामासाठी विषाणूकडे वेगळं प्रथिन आहे. 1987 साली रॉजर बीची यांच्या गटाने त्या प्रथिनाचा जनुक तंबाखूच्या रोपात घातला, आणि त्या रोपात हा अधू विषाणू पुन्हा चालू लागला. दोन वर्षांनी दिसलं की या 'चलन प्रथिना'मुळे नलिकेतून एरवीपेक्षा जवळपास दसपट मोठे रेणू जाऊ लागतात. 1990 मध्ये विताली सितोव्स्की आणि पॅट्रिशिया झॅम्ब्रिस्की यांच्या गटाने दाखवलं की हेच प्रथिन आरएनएला चिकटतं. ते चिकटलं की गुंतलेला आरएनए सरळ होऊन जेमतेम 2 नॅनोमीटर जाडीचा तंतू बनतो. कवच मागे ठेवूनही विषाणू पुढच्या पेशीत जाऊ शकतो तो असा.

वनस्पतिशास्त्रज्ञ बियाओ डिंग यांची कारकीर्द याच धामधुमीत सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या विल्यम लुकास यांच्या प्रयोगशाळेत असताना, 1992 च्या शोधनिबंधात, त्यांनी हे चलन प्रथिन नलिकांमध्ये नेमकं कुठे साठतं ते दाखवलं. पण त्यांचं नाव खरं जोडलं गेलं ते याहून टोकाच्या प्रश्नाशी. आरएनएकडे असं मदतनीस प्रथिनच नसेल तर?

असा आरएनए निसर्गात आहे. 1971 साली थिओडोर डीनर यांनी बटाट्याचे कंद लांबट आणि वेडेवाकडे करणाऱ्या रोगाचं कारण शोधलं. ते निघालं 359 अक्षरांचं, कडं झालेलं उघडं आरएनए. कवच नाही, आणि एकाही प्रथिनाची कृती त्यात लिहिलेली नाही. डीनर यांनी त्याला व्हायरॉइड म्हटलं. वाढीसाठी ते पेशीचीच यंत्रणा वापरतं. आणि तरीही ते अख्ख्या झाडात पसरतं!

डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1997 मधला प्रयोग मी कितीही वेळा वाचू शकतो. व्हायरॉइडच्या आरएनएला त्यांनी चमकणारा रंग जोडला आणि अतिसूक्ष्म काचेच्या सुईने तो पानाच्या एकाच पेशीत सोडला. पानाच्या मधल्या थरातल्या पेशीत सोडलेली चमक बघता बघता शेजारच्या पेशींमध्ये पसरली. मग तोच आरएनए पर्णरंध्राच्या पूर्ण वाढलेल्या रक्षक पेशीत सोडला. या पेशींचं शेजाऱ्यांशी असलेलं नलिकांचं नातं वाढ पूर्ण होताना तुटलेलं असतं. चमक तिथेच राहिली. म्हणजे वाट नलिकांचीच. नंतर त्यांनी सुमारे 1400 अक्षरांचा एक भलताच आरएनए घेतला. एकटा सोडला तर तो जागचा हलत नव्हता. त्याला व्हायरॉइड जोडल्यावर तोही पुढच्या पेशीत गेला. जाण्याचा परवाना व्हायरॉइडच्या आरएनएमध्येच होता.

तो परवाना आरएनएत कुठे असतो, यावर डिंग यांनी पुढची वर्षं घालवली, आधी ओक्लाहोमात आणि नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात. इथून वाट जरा अवघड आहे. व्हायरॉइडचं कडं स्वतःवरच मिटून काडीसारखं होतं. समोरासमोरची बहुतेक अक्षरं जोड्या जमवतात, आणि जिथे नेहमीच्या जोड्या जमत नाहीत तिथे लहान लहान फुगवटे राहतात. अशा 27 जागा आहेत. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या कामात डिंग यांच्या गटाने त्या एकेक करून बिघडवल्या आणि प्रत्येक बिघाडाने काय थांबतं ते पाहिलं. काही जागा बिघडल्या की व्हायरॉइडची वाढच थांबायची. काहींच्या बिघाडाने वाढ चालू राहायची, पण प्रवास खुंटायचा.

सातव्या फुगवट्याची गोष्ट बघा. तिथे 43 क्रमांकाचं यू आणि 318 क्रमांकाचं सी समोरासमोर येतात. ही जोडी नेहमीची नाही, आणि गटाने मांडलेल्या रचनेनुसार दोघांच्या मध्ये पाण्याचा एक रेणू बसून त्यांना धरून ठेवतो. ही जागा बिघडली की व्हायरॉइड पेशीत वाढतं, पण रसवाहिनीला वेढणाऱ्या पेशींतून रसवाहिनीत शिरू शकत नाही. सहाव्या फुगवट्याचं काम वेगळं. तो लागतो पानाच्या वरच्या बाजूच्या उभट पेशींतून खालच्या सैल पेशींच्या थरात उतरायला. आणि 2004 मध्ये सापडलेली एक जागा तर तंबाखूच्या कोवळ्या पानात एकाच दिशेला लागते. शिरेभोवतालच्या आवरणातून पानाच्या मधल्या थरात जाताना ती हवी, उलट येताना तिची गरज नाही. भिंत तीच, नलिकाही त्याच, पण दोन दिशांचे नियम वेगळे.

आरएनए म्हणजे प्रथिनांची कृती लिहिलेला निरोप, असं आपण शाळेत शिकतो. इथे कृती एकही नाही. आहे तो फक्त आकार, आणि त्या आकाराच्या एकेका वळणाला पेशींच्या एकेका हद्दीवर अर्थ आहे.

या विषयाभोवती दोन प्रकारचा गवगवा चालतो. 'झाडांचं इंटरनेट' आणि 'झाडांच्या भावना' असल्या मथळ्यांनी या रेणूंच्या वाहतुकीला मनाचा मुलामा दिला जातो, पण वर सांगितलेल्या एकाही प्रयोगाला मनाची गरज पडलेली नाही. दुसरा प्रकार जास्त नुकसानीचा, तो म्हणजे विषाणू मारणाऱ्या रामबाण फवारणीच्या जाहिराती. लागण झालेल्या झाडाच्या पेशीपेशीत पोचलेला विषाणू काढून टाकणारं औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. विषाणूमुक्त रोपं मिळतात ती शेंड्याच्या अगदी टोकाच्या ऊतीपासून वाढवलेली, कारण त्या टोकापर्यंत रसवाहिनी गेलेली नसते आणि बरेच विषाणू तिथे पोचत नाहीत.

डिंग यांचं 2015 साली निधन झालं. पण प्रश्न विषाणूंपुरता राहिलेला नाही. 1995 मध्येच लुकास यांच्या गटाने दाखवलं होतं की मक्याचं नॉटेड-1 हे वनस्पतीचं स्वतःचं प्रथिन नलिकांतून जातं आणि आपला आरएनएही बरोबर नेतं. 1999 मध्ये भोपळ्याच्या रसवाहिनीत असं प्रथिन सापडलं जे विषाणूच्या चलन प्रथिनासारखं वागतं आणि आरएनएला रसवाहिनीत नेतं. बटाट्यात तर बेल-5 नावाच्या जनुकाचा आरएनए पानात तयार होतो, दिवस लहान झाले की रसवाहिनीतून जमिनीखालच्या खोडाच्या टोकाकडे जातो, आणि तिथे कंद धरायला चालना देतो. या आरएनएच्या दोन टोकांना असे भाग आहेत ज्यांतून प्रथिन बनत नाही. त्याच्या प्रवासाची खूण त्या भागांत आहे.