अकालजात बालकांतील दृष्टिपटलविकार : लेझर व शस्त्रक्रिया

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, रोगट रक्तवाहिन्या वाढण्याचा हा विकार. एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) सगळे त्याला ‘आरओपी’ (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. वाढलेल्या आजारावर उपचार झाले नाहीत तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. लेझरची संधी मोजक्या दिवसांची असते. ती हुकली की मोठ्या शस्त्रक्रियेनेही तेवढी नजर वाचत नाही.

गर्भात या रक्तवाहिन्या साधारण १६व्या आठवड्यापासून डोळ्याच्या नसेकडून कडेकडे वाढतात आणि पूर्ण दिवस भरता भरता कानाकडची कड गाठतात. बाळ आधीच जन्मले की वाढ थबकते. जादा ऑक्सिजनने ती आणखी खुंटते. पुढे रक्ताविना राहिलेला भाग व्हीईजीएफ हे नव्या वाहिन्या वाढवणारे द्रव्य सोडतो आणि कच्च्या, गळक्या वाहिन्या काचद्रवात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या पदार्थात, शिरतात. त्यांच्याभोवतीचे तंतू आखडून पडद्याला ओढतात. विकाराचे पहिले वर्णन १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी केले. ऑक्सिजनशी असलेला संबंध १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी दाखवला.

भारतात तुलनेने मोठ्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासतात. फारच लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. बाळ दूध पिते, वजन धरते, म्हणून घरी सोडताना ही तपासणी राहून जाते, आणि खरे नुकसान तिथेच होते. बाहेरून डोळा अगदी नीट दिसतो.

आजार उपचाराच्या टप्प्यावर पोचला की ४८ ते ७२ तासांत लेझर करतात. पूर्वी रक्तवाहिन्या न पोचलेला भाग डोळ्याच्या बाहेरून गोठवत. १९८८ मध्ये अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने त्याचा उपयोग सिद्ध केला. पुढे लेझरने त्याची जागा घेतली. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात. डॉक्टरच्या डोक्यावरच्या उपकरणातून निघणारा किरण रक्तवाहिन्या न पोचलेल्या भागावर ठिपक्याशेजारी ठिपका उमटवत जातो. तो भाग निकामी झाला की व्हीईजीएफ घटते. बाळाचा श्वास थांबू शकतो, अंग गार पडू शकते. म्हणून नवजात तज्ज्ञ शेजारी हवाच.

आजार पडद्याच्या अगदी मध्याजवळ असेल तर बेव्हॅसिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफला रोखणाऱ्या औषधाचे इंजेक्शन डोळ्यात देतात. वाहिन्या झपाट्याने मावळतात, कडेचा पडदाही टिकतो. पण आजार काही महिन्यांनी उलटू शकतो, त्यामुळे पुढच्या तपासण्या चुकवू शकेल अशा कुटुंबासाठी लेझर अधिक भरवशाचे.

पडदा सुटू लागला की व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे काचद्रव काढण्याची शस्त्रक्रिया. पीतबिंदू, म्हणजे पडद्याचा बारीक नजरेचा मध्यभाग, अजून जागेवर असेल (टप्पा ४अ), तर डोळ्याचे भिंग शाबूत ठेवून बारीक उपकरणांनी काचद्रव आणि ओढणारे तंतू कापतात. बऱ्याच बाळांत पडदा परत बसतो. एवढ्याशा डोळ्यात उपकरण जरा चुकून पडद्याला भोक पडले, तर डोळा वाचवणे फार अवघड होते. पडदा पूर्ण सुटल्यावर (टप्पा ५) अनेकदा भिंगही काढावे लागते, आणि शस्त्रक्रिया साधली तरी हाती बहुधा उजेडाची जाण किंवा ढोबळ हालचाल ओळखण्याइतकीच दृष्टी येते.

लेझर यशस्वी झालेल्या मुलांतही मोठ्या नंबरचा चष्मा आणि तिरळेपणा वारंवार आढळतो. शाळेत जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, नियमित तपासणी करावी लागते.