हरणासाठी मॅग्नमच हवी?

अमेरिकेत नवख्या शिकाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: हरीण पाडायचं तर .३०० विन मॅगसारखी (विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस) दांडगी रायफलच घे. यात तथ्य नाही. १९५५ साली आलेल्या .२४३ विंचेस्टर या हलक्या काडतुसाची १०० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची गोळी पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरते. फक्त ती आत शिरून फुलणारी हवी आणि पुढच्या पायामागे, फुप्फुसात बसायला हवी. कोलोराडो राज्याचा हरणांच्या शिकारीचा नियमही .२४ कॅलिबरपासूनच (गोळीची जाडी, इंचात) सुरू होतो.

मॅग्नमचा धक्का मात्र .२४३ च्या दुपटीहून जास्त. तो एकदा खांद्यात बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, नळी हलते आणि गोळी पोटात जाते. जखमी हरीण मग शोधत बसा! थोडा जास्त धक्का झेपत असेल तर या दोहोंच्या मधली .३०८ घ्यावी.

(भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदीच आहे; हे सगळं अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी.)