साक्षरतेचा हिशेब: कोणी मागितला, काय मोजलं

मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता आले पाहिजेत, मनातल्या मनात ३५. बघून लिहायचा वेग मिनिटाला ७ शब्द, दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घ्यायचा ५. शंभरपर्यंत आकडे, तीन आकडी बेरीज-वजाबाकी. १९८८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने 'साक्षर' कोणाला म्हणायचं, याची ही मोजपट्टी ठरवली होती. आज साक्षरतेचं काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना निधी देणारी कंपनी त्यांच्याकडे वेगळाच हिशेब मागते: आम्ही दिलेल्या एका रुपयामागे समाजाला किती रुपयांचा लाभ झाला? प्रश्न नवा वाटतो, पण प्रौढशिक्षणाचा हिशेब मागायची आपल्याकडची रीत जुनी आहे. आणि दर वेळी हिशेब मागणारा बदलला, की मोजायची गोष्टही बदलली.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा एकक माणूस नव्हतं, गाव होतं. १४ ते ५० वयोगटातले सगळे लिहू-वाचू लागले की गाव साक्षर, आणि मग ग्रामगौरव समारंभ. शेजारच्या गावाचा समारंभ झाला आणि आपला राहिला, ही टोचणी कुठल्याही सरकारी परिपत्रकापेक्षा जास्त काम करी. मोहीम पुढे राज्यभर गेली, १९७२ मध्ये युनेस्कोचं क्रुप्स्काया पारितोषिकही मिळालं. अडचण समारंभानंतरची होती. हाती वाचायला काही नसेल तर गिरवलेली अक्षरं विसरायला वेळ लागत नाही, आणि विसरलेल्यांची मोजदाद करायला पुन्हा कोण येणार?

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाचे १० कोटी लोक, असं लक्ष्य. उद्दिष्टं तीन: साक्षरता, व्यवहारोपयोगी कौशल्य आणि जागृती. महाराष्ट्रातल्या कामाचं मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, १९८० मध्ये कोठारी समितीने देशभराचा आढावा घेतला. पण खाली केंद्रावर नोंदवही होती ती हजेरीची. किती केंद्रं उघडली, किती जण बसले, हे त्यात मावे. जागृती कुठल्या रकान्यात लिहायची, हे केंद्रावर शिकवणाऱ्या त्या बिचाऱ्या अनुदेशकाला कोण सांगणार?

तरुणांच्या कामाचंही तेच. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) माप तासांचं: वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. गावात खणलेल्या शोषखड्ड्यात पुढे पाणी मुरलं का, यापेक्षा डायरीवर कार्यक्रम अधिकाऱ्याची सही आहे का, याला वजन जास्त. ज्यांनी एनएसएस केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

या साऱ्या मापांची खरी कसोटी लागली ती साक्षरता मिशनच्या जिल्हावार संपूर्ण साक्षरता अभियानांत. केरळमधला एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी पूर्ण साक्षर जाहीर झाला आणि जिल्हाधिकारी, शिक्षक, कलाजथा (गाणी-नाटकांतून प्रचार करणारे गट) असा साचा देशभर गेला. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात नवसाक्षर बायकांच्या पुस्तकात दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या सीतम्माचा धडा होता. दुबगुंटा गावातल्या बायकांनी तो वाचला, त्यावर बोलल्या आणि गावातली अरकची, म्हणजे देशी दारूची, सरकारमान्य विक्री बंद पाडली. ते लोण जिल्हाभर पसरलं, दुकानांचे लिलाव होऊ देईनात. १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात अरकवर बंदी आली, १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात याच अभियानातून हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी आणायला, मुलांना शाळेत सोडायला, बाजाराला त्या स्वतः जाऊ लागल्या.

मिनिटाला ३० शब्दांच्या चाचणीत यातलं काहीच येत नाही. रुपयात मोजायला गेलं तर आणखी पंचाईत. अरक बंद झाल्याने राज्याचा अबकारी महसूल बुडाला, म्हणजे तिजोरीच्या वहीत नेल्लोरचं साक्षरता अभियान तोट्यातच दिसणार. घरात राहिलेली मजुरी आणि टळलेली मारहाण मांडायला त्या वहीत पानच नव्हतं. मला तर प्रौढशिक्षणाच्या मूल्यमापनातला हा सगळ्यात बोलका दाखला वाटतो.

मूल्यमापन करणाऱ्यांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं, आणि त्यालाही कारण होतं. जिल्ह्यामागून जिल्हे पूर्ण साक्षर जाहीर होत होते आणि आकडे फुगवल्याच्या तक्रारी वाढत होत्या. अरुण घोष समितीने १९९४ मध्ये अभियानांची झाडाझडती घेतली. दवे समितीच्या निकषानुसार वाचन, लेखन, अंकज्ञान यांत प्रत्येकी ५० टक्के आणि एकूण ७० टक्के गुण मिळाले तरच साक्षर. जनगणनेला यातलं काही लागत नाही, प्रगणक दारात विचारतो आणि उत्तर लिहून घेतो.

रुपयांचं माप बाहेरून आलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेरोजगारांना काम देणाऱ्या उपक्रमांसाठी 'गुंतवणुकीवरचा सामाजिक परतावा' काढायची पद्धत बसवली गेली. ब्रिटनमध्ये २०१२ साली सार्वजनिक खरेदीत सामाजिक मूल्याचा विचार करायला लावणारा कायदा झाला. तिथे प्रौढांच्या वर्गांमुळे आरोग्य, रोजगार, स्वयंसेवा यांवर होणाऱ्या परिणामांना पौंडांत किंमत लावायचे प्रयत्नही झाले. आपल्याकडे २०२१ च्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियमांनी मोठ्या कंपन्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बंधनकारक केलं. त्यानंतर सल्लागार कंपन्यांचे तक्ते जिल्ह्याच्या गावच्या संस्थांपर्यंत पोचले. दोष तक्त्यांचा नाही. संसारातली मारहाण थांबली याला किती रुपये लावायचे, हे दूरच्या कार्यालयात बसून ठरतं, तिथे खोट आहे. ते त्या बाईला विचारून ठरायला हवं.

सरकारी बाजूला सध्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७. चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० आणि उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. जो नापास, त्याच्या गुणपत्रकावर 'सुधारणा आवश्यक' एवढंच येतं, आणि साठीतल्या माणसाला नापास न म्हणण्याचं हे शहाणपण मला पटतं. साक्षरता ९५ टक्क्यांवर गेली की राज्य पूर्ण साक्षर मानलं जातं. गोव्याने ३० मे २०२५ रोजी घटकराज्य दिनी तसं जाहीर केलं. कार्यक्रमाचे घटक पाच आहेत: पायाभूत साक्षरता, आर्थिक, डिजिटल वगैरे जीवनकौशल्यं, व्यवसायकौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. चाचणी होते ती पहिल्याची.