मोटारीतील छुपे पिस्तूल (अमेरिका)

कपड्यांखाली किंवा गाडीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असे भरलेले पिस्तूल घेऊन वाहन चालवण्याची अमेरिकेतील रीत. तिकडे तिला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. नियम राज्यागणिक बदलतात. व्हरमाँटने परवाना कधी मागितलाच नाही. २०२४ अखेर २९ राज्यांत पात्र प्रौढाला तो लागत नव्हता. न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केली, परवाना मात्र तिथे अजून लागतोच.

एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. तो चालत नसेल तर १९८६ च्या संघीय (म्हणजे देशभर लागू असलेल्या) कायद्याचा आधार उरतो, तोही जिथून निघालो आणि जिथे चाललो त्या दोन्ही ठिकाणी पिस्तूल बाळगणे कायदेशीर असेल तरच. पिस्तूल रिकामे हवे; ते आणि काडतुसे हाताशी नकोत, डिकीत हवीत. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा पेटी म्हणून चालत नाही. शाळेपासून १,००० फुटांच्या आत भरलेले पिस्तूल नेण्यावरही संघीय बंदी आहे. सवलत मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा परवाना असलेल्याला. म्हणून परवान्याची सक्ती नसलेल्या राज्यातही जाणते लोक तो काढून ठेवतात. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, मग तो पुण्याचा असो वा नागपूरचा, संघीय कायद्याने पिस्तूल बाळगताच येत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही.

उभे असताना छान बसलेले होल्स्टर (पिस्तुलाचे कमरेला लावायचे म्यान) गाडीत बसल्यावर टोचू लागते. अमेरिकी गाडीत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे सीटबेल्टचे बकल त्याच्या उजव्या कमरेशी येते. उजव्या हाताच्या माणसाचे पिस्तूलही नेमके तिथेच. सीटबेल्ट लावताना पिस्तुलाची मूठ बकलवर आपटते, सीटची उंच कड होल्स्टर बरगड्यांकडे ढकलते आणि शर्टाचे टोक बकलमध्ये अडकते. पाठीच्या मधोमध पिस्तूल ठेवणे त्याहून वाईट: मागून धडक बसली तर पोलाद थेट कण्यावर.

म्हणून बरेच जण ते पोटाच्या पुढच्या बाजूला, पँटच्या आत लावतात. इथे आखूड नळीचे पिस्तूल सोयीचे. लांब नळी बसल्यावर मांडीत रुतते. कमरेचा पट्टा एक भोक सैल करणे आणि सीटची पाठ थोडी मागे झुकवणे, एवढ्याने निम्मा त्रास जातो. सीटबेल्टची आडवी पट्टी ओटीपोटाच्या हाडावर, पिस्तुलाच्या खालून जायला हवी. ती मुठीवरून गेली तर अपघातात तोच कठीण गोळा पोटात घुसतो. बेल्ट लावून झाला की शर्ट पट्टीवर ओढून घ्यायचा. बसल्यावर नळीचे तोंड मांडीकडे असते, म्हणून ट्रिगर पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर हवे. नरम कापडी होल्स्टर दुमडून ट्रिगरमध्ये शिरू शकते.

डॅशबोर्डखाली लोहचुंबकाने पिस्तूल चिकटवण्याचा प्रकार दिसायला झकास, पण ट्रिगर उघडा राहतो आणि धडकेत पिस्तूल सुटून उडते. सीटखाली सरकवलेले पिस्तूल जोराचा ब्रेक लागताच पुढे घसरून पेडलखाली अडकू शकते.

टपाल कार्यालयासारख्या निषिद्ध जागी जाताना पिस्तूल गाडीतच ठेवावे लागते, आणि चुकून गोळी सुटण्याचा धोका मोठा असतो तो याच वेळी. अडचणीच्या जागेत नुसते पिस्तूल बाहेर काढू नये. होल्स्टरसकट क्लिप सोडवून सीटच्या सांगाड्याला केबलने बांधलेल्या पोलादी पेटीत ठेवावे. हे काम आधीच्या थांब्यावर उरकावे. टपाल कार्यालयाचे वाहनतळही बंदीच्या हद्दीत येते, म्हणून पेटीतले पिस्तूलही तिथे नेऊ नये, गाडी बाहेर लावावी. शिवाय अशा ठिकाणी बघणारे असतात आणि गाडीतून पिस्तुले सर्रास चोरीला जातात. कोलोराडोत २०२५ पासून गाडी सोडून जाताना पिस्तूल नजरेआड, कुलूपबंद कठीण पेटीत ठेवणे सक्तीचे आहे.

पोलिसांनी थांबवले तर काच खाली, रात्री आतला दिवा चालू आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. मिशिगनमध्ये पिस्तूल असल्याचे लगेच स्वतःहून सांगावे लागते. काही राज्यांत विचारल्यावरच. सांगितल्याने सगळे सुरळीत होतेच असे नाही. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातील फाल्कन हाइट्स येथे परवानाधारक फिलँडो कॅस्टील यांनी पिस्तूल असल्याचे सांगितले आणि काही क्षणांत पोलिसाने त्यांना गोळ्या घालून ठार केले. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. गाडीची कागदपत्रे आणि लायसन्स पिस्तुलाच्या आसपास ठेवू नयेत, हा नियम तिकडचे प्रशिक्षक बजावून सांगतात. त्यांची जागा समोरच्या सन व्हायजरमध्ये. ग्लव्ह बॉक्समध्ये पिस्तूल असेल तर तिथे विम्याचा कागदही नको.