काउगर्ल लघुपट
अमेरिकी मूकपटांतील एक प्रकार. घोड्यावर मांड ठोकून बसणारी, दोरीचा फास टाकणारी आणि वेळ आली तर पिस्तूल चालवणारी तरुणी ज्यांच्या केंद्रस्थानी असते, अशा एक-दोन रिळांच्या वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराखी-जीवनावरच्या) चित्रपटांना हे नाव देता येईल. १९१० ते १९२० हा त्यांचा बहराचा काळ.

एक रीळ म्हणजे सुमारे १,००० फूट फिल्म, पडद्यावर दहा ते पंधरा मिनिटांचा खेळ. पाच सेंट तिकीट असलेल्या निकेलोडिअन थिएटरांत कार्यक्रम वरचेवर बदलावा लागे, त्यामुळे कंपन्यांना सतत नवा माल हवा असे. वेस्टर्न काढणे सोपे होते : मोकळे माळरान, चार घोडे, एक लाकडी घर. अडचण होती ती स्वारीत मुरलेल्या माणसांची आणि ती भागवली ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांनी. हे घोडेस्वारी आणि नेमबाजीचे फिरते तमाशे असत व त्यांत बायकाही पुरुषांच्या बरोबरीने उतरत. बफेलो बिलच्या खेळातली ॲनी ओकली १८९४ मध्येच एडिसनच्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर नेमबाजी करून आली होती. पुढच्या पडद्यावरच्या काउगर्लची ही थोरली बहीणच.

या चित्रपटांतल्या बायकांचे कसब खरे होते. ओहायोतल्या क्लीव्हलँडची हेलन गिब्सन (१८९२–१९७७) १९१० मध्ये मिलर बंधूंच्या ‘१०१ रँच’ खेळात दाखल झाली. भरधाव घोड्यावरून खाली झुकून जमिनीवरचा रुमाल उचलायला ती तिथे शिकली. डोक्यात लाथ बसेल, असे जुन्या स्वारांनी बजावले, तरी ती बधली नाही. १९११ च्या सुमारास खेळ कॅलिफोर्नियात येऊन थांबला, तेव्हा निर्माता टॉमस इन्स याने या स्वारांना आठवड्याला आठ डॉलर आणि जेवणखाण देऊन कामाला लावले. पुढच्या वर्षी कालेम कंपनीच्या ‘रँच गर्ल्स ऑन अ रॅम्पेज’मध्ये ती झळकली.

१९१५ मध्ये कालेमच्याच ‘हॅझर्ड्स ऑफ हेलन’ या रेल्वेवरच्या साहसमालिकेत तिने आधीची नायिका हेलन होम्स हिची जागा घेतली. एकेका रिळाचे ११९ भाग असलेली ही मालिका काटेकोर अर्थाने वेस्टर्न नव्हे, पण रक्त तेच. यातली एक उडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. स्टेशनच्या छपरावरून धावत्या गाडीच्या टपावर उडी घ्यायची होती. गाडी उभी असताना अंतर मोजून पाहिले होते. गाडी सुरू असतानाची तालीम मात्र झालीच नव्हती. गाडी वेगात आली, तिने उडी टाकली, पाय नेमके टेकले, पण गाडीच्या हालचालीने ती लोळत कडेकडे गेली. हाताला हवेचा झरोका लागला, तो तिने घट्ट धरला आणि दृश्य अधिक थरारक व्हावे म्हणून तशीच कडेला लोंबकळत राहिली. अंगावर फक्त मुका मार.

कथांची बांधणी बहुधा ठरावीक. व्हायटाग्राफ कंपनीच्या ‘द क्रेव्हन’मध्ये (१९१२) भेकड शेरीफची बायको नवऱ्याऐवजी स्वतः गुंडाच्या मागावर जाते आणि श्रेय मात्र त्याच्या पदरात टाकते. शेवटी चूल शाबूत राखायची, हा त्या काळचा करार. त्याआधी तिला हवे ते करू दिले जाई, आणि प्रेक्षक त्यासाठीच येत असावेत. मूलनिवासी आणि मेक्सिकन माणसे यांतल्या कितीतरी चित्रपटांत नुसती खलपात्रे आहेत. हा डाग झाकण्यासारखा नाही. त्यामुळेच हो-चंक या मूलनिवासी समाजातली नटी रेड विंग (लिलियन सेंट सायर) महत्त्वाची ठरते. ‘द रेड गर्ल अँड द चाइल्ड’मध्ये (१९१०) पळवून नेलेल्या मुलाला सोडवून आणणारी नायिका तीच आहे.

या प्रकाराचा सर्वांत खुमासदार नमुना म्हणजे अल ख्रिस्ती दिग्दर्शित ‘राउडी ॲन’ (१९१९, दोन रिळे). आईबाप रांगड्या ॲनला ‘बाईसारखी बाई’ बनवायला कॉलेजात धाडतात. ती जाते, पण पिस्तुलाचा पट्टा काही सोडत नाही. नाचाच्या वर्गात ग्रीक पद्धतीचा झुळझुळीत पोशाख घालायचा असतो. ॲन तो घालते आणि त्यावरून कमरेला पट्टा कसते. सगळा चित्रपट या एका चौकटीत सामावला आहे. पुढे मैत्रिणीला फसवणाऱ्या लबाडाचा बंदोबस्त होतो, तोही कॉलेजात शिकवलेल्या रीतीभातींनी नव्हे. ॲन झालेली फे टिंचर (१८८४–१९८३) मुळात विनोदी नटी. ती चेहरे वेडेवाकडे करत नाही. गंभीरपणे, ताठ मानेने वावरते, म्हणून हसू येते.

पूर्ण लांबीचे वेस्टर्न रुळले, तसे विल्यम हार्ट, टॉम मिक्स यांच्यासारखे पुरुष नट पडदा व्यापू लागले आणि नायिका हळूहळू घोड्यावरून उतरून ओसरीवर वाट पाहू लागली. लघुपटांच्या प्रतीही फार थोड्या उरल्या. उरलेल्यांपैकी काही अमेरिकेबाहेर, ॲम्स्टरडॅमच्या चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी सापडल्या.

अमेरिकी साहसमालिका मुंबईतही चवीने पाहिल्या जात. त्यांवर पोसलेल्या वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ काढला. तो बोलपट होता, पण घोड्यावरून चाबूक फिरवणारी त्याची नायिका नाडिया गिब्सनप्रमाणेच फिरत्या खेळांतून, सर्कशीतून, आलेली होती.

गिब्सन स्वतः पडद्यावर टिकून राहिली, बहुतेकदा नावाशिवाय. जॉन फोर्ड यांच्या १९६२ च्या एका वेस्टर्नमध्ये जवळजवळ सत्तरीच्या गिब्सनने घोडागाडी हाकली. मोबदला पस्तीस डॉलर.