अ‍ॅडवेअरला फॉरमॅट, स्पायवेअरला नुसता स्कॅन? उलटं झालं की!

स्क्रीनच्या कोपऱ्यात जाहिरात उगवली की आमच्या मामांचा फोन ठरलेला: "अरे, कॉम्प्युटर हॅक झाला!" गेल्या वेळची 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले' ही पाटी तर अ‍ॅडवेअरसुद्धा (जाहिराती घुसडणारं सॉफ्टवेअर) नव्हती. कुठल्यातरी रेसिपीच्या साइटवर मामांनी 'अलाउ' दाबलं होतं, बस्स. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून त्या साइटची परवानगी काढली, पाटी गायब. तोवर गल्लीतला दुरुस्तीवाला फॉरमॅटचा (सगळं पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा) भाव सांगून गेला होता.

खरं अ‍ॅडवेअर तुम्हाला माहीत आहेच. फुकटच्या कन्व्हर्टरसोबत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना घरात शिरतं, होमपेज बदलतं, डोकं खातं. पण जाहिरात दिसल्याशिवाय त्याची कमाई नाही, म्हणून ते मिरवतं. स्पायवेअर म्हणजे गुपचूप तुमची माहिती चोरणारं सॉफ्टवेअर; ते दिसलं की त्याचा धंदा बसला. त्यामुळे "माझ्याकडे पॉपअप येत नाहीत, म्हणजे पीसी स्वच्छ" हे ऐकलं की मी कपाळाला हात लावतो.

लोक खरे फसतात ते काढून टाकल्यानंतर. साधं अ‍ॅडवेअर अनइन्स्टॉल केलं, ब्राउझर रीसेट केला की बहुतेक वेळा विषय मिटतो. त्यासाठी फॉरमॅट म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. स्पायवेअरचं तसं नाही. कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ टिपणारं स्पायवेअर) तीन आठवडे बसून असेल, तर नेटबँकिंगचा पासवर्ड केव्हाच बाहेर गेलाय. अँटीव्हायरसने हिरवी खूण दाखवली म्हणून तो परत येत नाही. पासवर्ड बदलायचेच, पण त्या पीसीवर बसून नव्हे, नाहीतर नवाही आयता त्याच्या हातात. दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात. मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट. चोरलेल्या कुकीजवर (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणांवर) पासवर्डाशिवायही आत शिरता येतं, हे कुणी सांगतच नाही. इथे मात्र फॉरमॅट खुशाल मारा.

फक्त नावावर जाऊ नका. सप्टेंबर 2014 पासून लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचं सॉफ्टवेअर लेनोव्होकडूनच बसून येत होतं. काम जाहिराती घुसडण्याचं, म्हणजे कागदोपत्री अ‍ॅडवेअर. पण एचटीटीपीएसच्या (कुलूपवाल्या, सुरक्षित) पानांतही जाहिरात घालता यावी म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याची सही असलेल्या साइटला विंडोज खरी मानतं, असा दाखला) बसवलं, आणि सगळ्या लॅपटॉपांवर त्याची गुप्त किल्ली एकच! फेब्रुवारी 2015 मध्ये ती उघड झाली. तिचा पासवर्ड काय, तर 'कोमोडिया', ते तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचंच नाव. म्हणजे कॅफेच्या वायफायवर शेजारी बसलेल्याला तुमच्या बँकेची नकली साइट कुलपाच्या चिन्हासकट दाखवता आली असती. वर सुपरफिश अनइन्स्टॉल केलं तरी सर्टिफिकेट मागे तसंच.

मामांच्या पीसीवर विंडोज सिक्युरिटीतलं नको असलेली अ‍ॅप्स अडवणारं सेटिंग चालू करून दिलंय. 'अलाउ'वर लक्ष ठेवायचं काम मामींकडे.